धूर मागून येतो

शीळफाट्याच्या वळणाआधी अल्फान्सोने गाडी कडेला घेतली, एंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरून तो पुढच्या टायरशी वाकला. टायरला काहीही झालेलं नव्हतं. मैलाच्या दगडावर हात टेकवून तो जमीन थांबायची वाट पाहत होता. समोरची करवंदीची जाळी डावीकडे सरकायची, जागेवर यायची, पुन्हा सरकायची. तोंडावर बांधलेला रुमाल त्याने गळ्यात ओढला आणि दोन-तीनदा खोल श्वास घेतला.

मागून गुणाजी धावत आला. घड्याळ त्याने हातात घट्ट धरलं होतं, जणू उघडलं तर त्यातली वेळ सांडेल.

"काय उडवली रे अल्फू! चढावर टॉप गिअर सोडलाच नाय तू!"

"टायर बघतोय."

"टायर मरू दे. एंजिन कसा बोलतंय, ऐकला का?"

एंजिन खरंच बोलत होतं. शेतातला एक बैल दाव्याला हिसके देत होता आणि त्याचा मालक बांधावर उभा राहून या दोघांच्या आईबापांचा उद्धार करत होता. अल्फान्सो उठला, हसला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. गुणाजीला वाटलं, गाडीचं कौतुक चाललंय. खरं तर अल्फान्सोला आधार हवा होता.

गाडी म्हणायची ती या दोघांनीच. ठाण्यात चरईला त्यांचं भागीचं गॅरेज होतं. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी डेपोत मोडक्या गाड्यांचे लिलाव झाले, त्यातून एक जीप त्यांनी उचलली. तिचा सांगाडा कापला, एंजिन मागे सरकवून खाली बसवलं आणि वर गुणाजीने पत्रा ठोकून एक लांबुळकं, बसकं अंग चढवलं. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढे वीतभर काच, एकाच माणसाची बैठक. चरईतल्या बाया तिला मगर म्हणत. मुंबईच्या मोटार क्लबाने कल्याणपलीकडे लढाईच्या वेळी बांधलेल्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यती भरवायला सुरुवात केली, तेव्हापासून मगरीचे आणि तिच्या दोन बापांचे दिवस पालटले. गेल्या साली ते शेवटून दुसरे आले होते. दोघांनाही ते अजिबात पचलं नव्हतं.

यंदा गुणाजीने दोष शोधून काढला होता. एंजिनाचा जळका धूर बाहेर नेणारी नळी गाडीच्या पोटाखालून वाकडीतिकडी वळणं घेत, मध्ये सायलेन्सरच्या डब्यातून जात पार शेपटाला निघायची. आधीचा धूर बाहेर पडत नाही तोवर एंजिनाला नवा श्वास घेता येत नाही. माणसाचं नाक दाबून त्याला मामलेदार कचेरीची चढण धावायला लावावी, तसला प्रकार. गुणाजीने डबा काढून फेकला, वळणं कापली आणि आखूड नळी बैठकीच्या बगलेतून, मागच्या चाकाच्या अलीकडेच बाहेर काढली. गाडीच्या अंगात वारं शिरलं. आवाजाने निम्मी चरई उठून बसायची, म्हणून सराव पहाटे शीळच्या रस्त्यावर करायचा, असं ठरलं.

"परत एकदा मारतोस?" गुणाजीने विचारलं.

"आज बास. उन्हं आली."

उन्हं अजून मुंब्र्याच्या डोंगराआड होती. गुणाजी त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि मग घड्याळ खिशात टाकून नळीपाशी उकिडवा बसला. स्वतःच्या हातच्या कामाकडे पाहत बसण्याइतकं सुख त्याला दुसऱ्या कशात नव्हतं.

*

एमाने भात वाढला, त्यावर वालाचं बिरडं घातलं आणि समोर पाटावर बसली. दिवसातलं हे एकच जेवण. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते आणि अल्फान्सो ते दगडावरच्या रेघेसारखे पाळायचा. अंगमेहनतीच्या माणसाला उपासातून सूट असते, हे देवळातल्या पाद्रीबाबांनी त्याला स्वतः सांगितलं होतं. पण मुलगी डॉरिस विषमज्वरातून उठली, त्या साली त्याने हे उपास पुरे पाळायचा नवस केला होता. डॉरिस आता परकर नेसून विहिरीवरून पाणी आणत होती आणि नवस अजून तसाच होता.

"आज परत झाला ना?" एमाने विचारलं.

"काय?"

"पेला उचलताना हात बगितला मी."

अल्फान्सो घास चावत राहिला. मग म्हणाला, "उपासानं होतंय. पोटात काय नसतं पहाटे."

"मग पेज घेऊन जा."

"नवस हाय."

"नवस डॉरिसच्या जिवाचा केला होतास. तुझा घालवायचा नव्हता केला."

एमाची नजर दाराबाहेरच्या ओट्यावर गेली आणि तिथेच थांबली. तिकडे आपण का पाहतोय हे त्याला कळलंय, हेही तिला कळलं.

त्या ओट्यावर अल्फान्सोचा बाप बसायचा. मचवा चालवणारा माणूस. ठाण्याच्या खाडीतून मिठाची पोती घेऊन भाऊच्या धक्क्याला जायचा, भरती-ओहोटीचं गणित त्याला झोपेत विचारलं तरी सांगायचा. पंचेचाळिशी गाठली आणि त्याला चक्कर येऊ लागली. खूप दिवस त्याने ती लपवली. मग एकदा घोडबंदरच्या अंगाला सुकाणू हातातून सुटलं, मचवा चिखलात रुतला, आणि त्या दिवसापासून तो ओट्यावर बसला तो मरेपर्यंत. एमा लग्न होऊन आली तेव्हा तो तिथेच होता. धडधाकट दिसणारा, तांबूस चेहऱ्याचा, येणाऱ्याजाणाऱ्याला भरती कितीला लागली ते विचारणारा. लोक सुरुवातीला सांगायचे. पुढे पुढे तर पोरंसुद्धा मुद्दाम खोटी वेळ सांगून पळायची.

अल्फान्सो आता त्रेचाळीस वर्षांचा होता. मरणाला तो भीत नव्हता, निदान तसं म्हणायचा तरी. त्याला त्या ओट्याची भीती होती.

"शर्यत रविवारी हाय," तो ताट सारत म्हणाला. "रविवारी उपास नसतो. पोटभर खाऊन बसेन गाडीत. मग बघ."

हे एमालाही पटलं. पटवून घेण्यासारखंच होतं.

*

दुसऱ्या दिवशी कपडे धुताना एमा रुमालापाशी थांबली. शीळच्या धुळीसाठी तो तोंडाला बांधत असे. पांढऱ्या मांजरपाटाचा, तिनेच कडा शिवलेला. धुळीचा तांबूसपणा त्यावर होताच. पण मधोमध, नाकपुड्यांच्या जागी, दोन काळे डाग होते. शेजारी शेजारी, वाटाण्याएवढे. तिने सदरा उलगडला. पाठ स्वच्छ होती. गळ्याखालची पट्टी मात्र चुलीमागच्या भिंतीसारखी काळवंडली होती.

तिने हात पुसले, ओला पदर खोचला आणि तशीच गॅरेजवर गेली. अल्फान्सो कुणाच्या तरी टॅक्सीखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते. गुणाजी ऐरणीवर पत्रा सरळ करत होता.

"गुणाजी, हे बग."

गुणाजीने रुमाल हातात घेतला, नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा उतरला.

"पेट्रोलचा धूर हाय वैनी."

"पण नळी तर त्याच्या मागं हाय ना? गाडी पुढं पळते, धूर मागं जाणार. मग याच्या नाकात शिरला कसा?"

हातोडी खाली ठेवून गुणाजी मगरीपाशी गेला आणि बैठकीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"एस्टीच्या मागल्या बाकावर बसलाव कधी?" तो म्हणाला. "धूळ कुठून येते?"

"मागून," एमा म्हणाली. "पार तोंडावर."

"हां. एस्टी हवा फाडत जाते. तिच्या पाठीशी पोकळी होते, ती भरायला मागची हवा पुढं धावते, धुळीसकट. या काचेच्या मागं पण तसलीच पोकळी होत असणार. आणि मी नळी आणून सोडली बरोबर तिच्या तोंडाशी."

टॅक्सीखालचे पाय हलले. अल्फान्सो सरपटत बाहेर आला आणि जमिनीवरच बसून दोघांकडे पाहू लागला.

"काय म्हणालास?"

"म्हणालू, तुला धूर पाजत होतू मी. चक्कर येते काय रे तुला?"

अल्फान्सोने एमाकडे पाहिलं. एमाने मान हलवली.

"येते," तो म्हणाला. आठवडाभर दाबून ठेवलेला तो शब्द बाहेर पडला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसायलाच लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणाजी शिव्या देत होता, त्याला आणि स्वतःला, दोघांना सारख्याच. "सांगायचास ना रे गाढवा! त्या धुरानं माणूस बसल्या जागी मरतंय!" अल्फान्सो नुसता मान डोलावत राहिला. तो बापावर गेलेला नव्हता. नळी चुकीच्या जागी होती, एवढंच. माणसाला आपल्याच माणसाने केलेल्या चुकीचा एवढा आनंद क्वचितच होतो.

खात्री करायची म्हणून गुणाजीने एमाच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मागून घेतला, त्याचे वीत वीत तुकडे केले आणि डिंकाने गाडीच्या अंगावर चिकटवले. बॉनेटवर, बगलेला, बैठकीच्या मागे. पहाटे शीळच्या रस्त्यावर अल्फान्सोने गाडी बेताने हाकली आणि गुणाजी ओळखीच्या एका लॉरीत बसून शेजारून पाहत गेला. बॉनेटवरचे दोरे शहाण्या पोरांसारखे मागे ताठ झाले होते. बैठकीच्या पाठीवरचे मात्र उलटे फिरून अल्फान्सोच्या मानेकडे बोट दाखवत होते.

"दिसला का?" गुणाजी लॉरीतून ओरडला.

अल्फान्सोला त्या आवाजात काहीच ऐकू गेलं नाही, पण त्याने हात वर केला.

*

आता प्रश्न असा होता की नळी न्यायची कुठे. पूर्वीसारखी पोटाखालून नेली तर वळणं आली, आणि वळणं आली की एंजिन पुन्हा धापा टाकणार. बॉनेटवरून उभी काढली तर धूर थेट काचेवर. गुणाजी दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. आखूड नळी ही त्याची कर्तबगारी होती आणि आता स्वतःच्याच हाताने ती मोडायची होती.

"हाय तशी ठेवली तर?" अल्फान्सो एकदा म्हणाला. "शर्यत केवढीशी. तेवढा वेळ दम धरेन."

"तू गप बस," गुणाजी म्हणाला. "वैनीला काय सांगू मग?"

शेवटी त्याने एकही बाक नसलेली सरळ नळी घेतली. ती गाडीच्या बाहेरून, डाव्या बगलेला धरून, मागच्या चाकावरून पार शेपटाच्याही मागे हातभर काढली आणि तोंड किंचित वर केलं, म्हणजे पोकळीच्या बाहेर पडलेला धूर परत आत ओढला जाणार नाही. उघडी नळी वाऱ्याला अडते म्हणून तिच्यावर पत्र्याची निमुळती झूल चढवली. एंजिन लावून पाहिलं तेव्हा दोघेही कान देऊन उभे राहिले. आखूड नळीचा तो उद्दामपणा गेला होता. पण मधल्या वेगात गाडी आधीपेक्षा जास्त ओढ घेत होती. लांब सरळ नळीत पुढे गेलेला धूर मागच्याला ओढून नेत असावा, असा गुणाजीने निष्कर्ष काढला आणि त्याची कळी खुलली.

शुक्रवारी पहाटे शेवटचा सराव झाला. गाडी झकास पळाली. घरी आल्यावर एमाने सगळ्यात आधी रुमाल पाहिला. तांबूस धूळ होती, बाकी स्वच्छ.

"कसा वाटला?" तिने विचारलं.

"एकदम बेस्ट." मग पायताण काढता काढता तो म्हणाला, "वळणाला जरासं गरगरलं. पण ते उपासाचं. आज तर शुक्रवार, काल रात्रीपासून पाण्यावर हाय."

एमाने रुमालाची घडी घातली. "रविवारी पोटभर खा," ती म्हणाली.

*

रविवारी तलावाकाठच्या देवळात पहाटेच्या मिस्साची प्रार्थना झाली. घरी येऊन अल्फान्सोने तळलेल्या पिठाच्या फुग्या आणि तीन अंड्यांचं आम्लेट खाल्लं, वर केळी खाल्ली, आणि एमाने आणखी वाढलं तेही संपवलं. तो खाताना ती उभीच होती. डॉरिसला शेजाऱ्यांकडे ठेवून, गुणाजी धरून तिघं लॉरीतून निघाले, मगर लॉरीमागे साखळीने बांधलेली. शहाडला गुणाजीच्या बहिणीने त्यांच्यासाठी ताकाची घागर भरून ठेवली होती, ती घेतली आणि दहाच्या सुमाराला धावपट्टीवर पोचले.

लढाई संपल्यापासून तिथे विमान उतरलं नव्हतं. काँक्रीटच्या भेगांतून गवत आलं होतं. आजूबाजूच्या गावांनी भात तिथेच झोडलं होतं आणि पेंढ्याच्या उडव्या पट्टीच्या कडेला अजून तशाच उभ्या होत्या. क्लबाच्या लोकांनी एका टोकाला तंबू ठोकून खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईहून आलेल्या चकचकीत गाड्या तंबूसमोर उभ्या होत्या आणि मगर त्यांच्यात पाहुण्यांच्या पंगतीत चुकून बसलेल्या गड्यासारखी दिसत होती. सकाळी एक शर्यत, जेवणानंतर दुसरी. दुसरीत गाडी तीच हवी, हाकणारा कुणीही चालेल, असा नियम होता.

एमा पेंढ्याच्या उडवीच्या सावलीत उभी राहिली. अल्फान्सोने रुमाल बांधला, चामडी टोपी चढवली आणि तिच्याकडे पाहून भुवई उडवली. लग्नाआधी चिंबईच्या जत्रेत त्याने अशीच भुवई उडवली होती. तिला तेव्हाही हसू आलं होतं, आत्ताही आलं.

झेंडा पडला. पहिल्या फेरीला मगर मध्यावर होती. दुसऱ्या फेरीला तिने दोघांना मागे टाकलं आणि गुणाजी जागच्या जागी उड्या मारू लागला. "वैनी, मधल्या वेगात बगा! बगा कशी उचलते!" एमाला वेग कळत नव्हता. ती नळीचं तोंड पाहत होती. धूर मागच्या मागे सरळ जात होता, एक चिंधीसुद्धा पुढे येत नव्हती.

तिसऱ्या फेरीला लांबच्या वळणावर मगर बाहेरच्या बाजूला सरकली. फार नाही. पाहणाऱ्याला वाटावं, हाकणाऱ्याने मुद्दाम रुंद वळण घेतलं. मग तिचा वेग उतरला आणि ती पट्टी सोडून गवतात, पलीकडच्या टोकाच्या उडवीआड जाऊन थांबली.

गुणाजी धावत सुटला. पण पट्टी ओलांडायची म्हणजे गाड्या जायची वाट पाहायला हवी होती. क्लबाचा माणूस हात आडवा करून उभा होता. एमा उडवीच्या दुसऱ्या अंगाला सरकली. तिथून तिला अल्फान्सो दिसला.

तो खाली उतरला होता. दोन्ही हात गाडीवर टेकवून, मान खाली घालून उभा होता, शीळफाट्याला उभा राहत असेल तसा. बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने टोपी काढली, रुमाल सोडला आणि तो उन्हात धरून पाहिला. एका बाजूने पाहिला, उलटा करून पाहिला. त्यानंतर तो गाडीच्या कडेकडेने, हाताने पत्रा धरत शेपटाकडे गेला आणि वाकला. परत उभा राहिला तेव्हा रुमाल त्याच्या मुठीत होता.

शर्यत संपली. मगर बेताने, चालत्या माणसाच्या गतीने तंबूपाशी आली. गुणाजी तिच्या शेजारून धावत होता.

"काय झाला? काय झाला रे?"

"धूर," अल्फान्सो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता. "धूर आला परत. नाकातोंडात गेला."

"कसा येईल? मी डोळ्यांनी बगितला, सरळ मागं जात होता."

"मग मी खोटं बोलतो काय?" त्याने रुमाल पुढे केला.

गुणाजीच्या आधी एमाने तो घेतला. मधोमध काळा डाग होता खरा. पण नाकपुड्यांच्या जागी असायचे ते दोन डाग नव्हते. एक गोल होता, कपबशीच्या कपाचा टेबलावर उठतो तसा, मध्ये पांढरा आणि कडेने काळा. एका जागी कापड भाजून पिवळं पडलं होतं.

तिने वर पाहिलं. अल्फान्सो तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत जी विनवणी होती ती तिने या माणसाच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती, डॉरिस तापात होती तेव्हाही नाही. तिने रुमालाची घडी घातली, डाग आत राहील अशी, आणि तो कमरेला खोचला.

"खूपच काळा झालाय," ती म्हणाली.

गुणाजीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे माझंच चुकला. थांब, नळी अजून हातभर मागं काढतो. जेवणाच्या सुट्टीत होईल. तार हाय, पत्रा हाय..."

"नळीला हात लावू नको," एमा म्हणाली.

"पण वैनी..."

"नळी बरोबर हाय. तुझं काय चुकला नाय." तिचा आवाज शांत होता. "याला धूर सोसत नाय, एवढंच. थोडासुद्धा सोसत नाय. यापुढं गाडी तू चालवशील."

गुणाजीचं तोंड उघडं राहिलं. त्याने एमाकडे पाहिलं, मग अल्फान्सोकडे. अल्फान्सो हातातल्या चामडी टोपीचा पट्टा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. गुणाजी नळीपाशी गेला आणि खाली बसून तिच्या तोंडाकडे पाहू लागला. तोंडाच्या गोल कडेवरची काजळी एका जागी पुसली गेली होती आणि खालचं लोखंड चमकत होतं. मग त्याने अंगठ्याने उरलेली कडही सारखी पुसून टाकली, अंगठा विजारीला पुसला आणि उठला.

"चालवीन की," तो म्हणाला. "पण मना एंजिन ऐकायला येत नाय तुझ्यासारखा. सांगायला कोण तरी पाहिजे."

अल्फान्सोने टोपी त्याच्याकडे दिली. देताना ती क्षणभर दोघांच्याही हातात होती.

जेवण झालं. एमाने ताक वाटलं. दुसऱ्या शर्यतीचा झेंडा पडला तेव्हा अल्फान्सो पट्टीच्या कडेला उभा होता आणि एमा त्याच्या शेजारी. क्लबाचा एक भला माणूस तंबूतून खुर्ची घेऊन आला आणि त्याच्या मागे ठेवून म्हणाला, "बसा तुम्ही. ऊन लागलंय तुम्हाला." अल्फान्सोने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. लाकडी, पाठीची, सावलीत ठेवली तर दिवसभर बसता येईल अशी.

"बसतोस?" एमाने हळूच विचारलं.

मगर समोरून गेली. अल्फान्सोने डोळे मिटले आणि मान एका अंगाला कलती केली. ती लांबच्या वळणाला पोचेपर्यंत तो तसाच राहिला.

"वळणाआधी गिअर लवकर टाकतोय," तो म्हणाला. "नळीची ओढ यायच्या आधीच. सांगायला पाहिजे त्याला."

"सांग ना."

"पुढच्या फेरीला हात करतो."

त्याने पाय जरा फाकवून रोवले. एमाने खुर्चीच्या पाठीला धरून ती मागे, पेंढ्याच्या उडवीपर्यंत सरकवली आणि परत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, त्याला हवा तर तिचा खांदा हाताशी येईल इतकी जवळ.